तीन सेकंदांची सूट

सकाळचे पावणेदहा झाले की मला एका जागी बसवत नाही. निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी ही सवय सुटलेली नाही. हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवतो, उठतो, गॅलरीत जातो, परत येतो. बायको भाजी निवडता निवडता म्हणते, "आवं, बसा की जरा. तो येतोय आन् जातोय. तुमी बघितलं न्हाई म्हणून काय खाली पडणार हाय का?"

'तो' म्हणजे आमचा उपग्रह. मलकापूरजवळच्या ज्या कॉलेजात मी शिकवलं, तिथं विद्यार्थ्यांच्या हातांनी तो तयार झाला. दोन विटा एकावर एक ठेवल्या तर जेवढं होईल, तेवढा त्याचा आकार. सकाळी दहाच्या आसपास तो आमच्या आभाळातून जातो. डोळ्यांना दिसत नाही, पण कॉलेजच्या गच्चीवरच्या अँटेनाला त्याचा आवाज लागतो.

एका मासिकाच्या संपादकांनी कामातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट आडवी येते. ती एकदा लिहून टाकावी म्हणतो.

आधी माझं काम काय ते सांगतो. उपग्रह आमच्या डोक्यावर आला की आठ-दहा मिनिटं त्याच्याशी बोलता येतं. दिवसातून अशा दोन-चार फेऱ्या कामाच्या. बाकीचा सगळा वेळ तो एकटा असतो. त्या एकटेपणात काही बिघडलं, तर आम्हाला विचारायला तो थांबू शकत नाही. त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. हे ठरवण्याची अक्कल त्याच्यात कशी घालायची, हा माझ्या संशोधनाचा विषय. आमच्या उपग्रहात त्यासाठी एक प्रोग्राम होता. पोरांनी त्याचं नाव ठेवलं राखणदार. काही वावगं दिसलं की राखणदारानं सगळी कामं बंद करायची, उपग्रहाचं तोंड सूर्याकडे वळवायचं आणि आमची वाट बघत गप्प पडून राहायचं.

यातली खरी अडचण राखणदार झोपेल ही नसते. तो फार जागा राहील ही असते. प्रत्येक खुट्ट आवाजाला ओरडायला लागला, तर उपग्रह कायम बंदच. माझी विद्यार्थिनी शुभांगी हे फार छान समजावून सांगायची. ती जत तालुक्यातली, मेंढपाळांच्या घरातली. तिच्या घरातून दहावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. माझ्याही घरातून पहिला मीच, त्यामुळं ती आली तेव्हा तिला काय काय विचारायची भीती वाटत असेल, हे मला न सांगता कळायचं. किंवा कळतं असं मी समजत होतो. ती म्हणायची, "आमच्या कळपावर दोन कुत्री हुती सर. एक पाचोळा वाजला तरी भुंकायचं. त्येच्या भुंकण्याला आज्जा कवा उठलाच न्हाई. दुसरं वर्षातनं चार-पाच येळा भुंकलं आसंल, पण ते भुंकलं की आज्जा काठी घिऊनच उठायचा. आपला राखणदार त्या दुसऱ्यासारखा पायजे."

हाच तिचा पीएच.डी.चा विषय.

लोकांना मात्र उपग्रह म्हटलं की वरचा कॅमेरा तेवढा दिसायचा. आम्ही उपग्रह करतोय अशी बातमी छापून आली आणि फलटणकडचे एक गृहस्थ थेट प्रयोगशाळेत आले. खुर्चीवर नीट बसले, पाणी प्यायले, मग खिशातून सातबारा काढून टेबलावर पसरला. "सर, येवढंच सांगा. भावानं बांध कवा सरकवला, त्ये दिसंल का?"

मी म्हटलं, "आमच्या फोटोत तुमचं अख्खं रान एका ठिपक्यात मावतं हो."

"मग बांध न्हाई दिसायचा?"

"बांध नाही, तुमचा भाऊही नाही."

ते सातबाऱ्याची घडी घालत उठले. दारात थांबून म्हणाले, "मग येवढ्या वर पाठवता कशाला? आमच्या चिंचंवर चढलं तरी येवढं दिसतंय." मारुतीमामा दिवसभर हसत होते.

मारुतीमामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा सहायक. फौजेत रेडिओ दुरुस्तीचं काम करून आलेले. हात असा की केसाएवढी तार डाग न दिसता जोडायचे. आम्ही दोघं एकाच भागातले, कोयनानगरच्या आसपासचे. माझे वडील धरणाच्या कॉलनीत पंपावर होते. थोरला भाऊ फौजेत गेला म्हणून मला शिकता आलं. तो पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा त्यानं मला कंपासपेटी आणली होती. तिच्यातलं कर्कटक मी इंजिनिअर झालो तोवर वापरलं.

आमच्या भागात जमीन हलते. परक्या माणसाला याची भीती वाटते, आम्हाला वाटत नाही. मोठा भूकंप आमच्या आधीच्या पिढीनं भोगला, आमच्या वाट्याला आले ते बारीक धक्के. शाळेत शुद्धलेखन चालू असताना धक्का आला की गुरुजी म्हणायचे, "पेन वर." सगळा वर्ग पेन उचलायचा. कौलं खडखडायची, फळ्यावरचा खडू घरंगळायचा. एक, दोन, तीन. "हं, पुढं." आम्ही पुढचा शब्द लिहायला लागायचो. बाहेर पळायचं ते तीनच्या पुढं गेलं तर. ते कधी गेलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

उपग्रह वर जाण्याआधी तो हवेच्या पातळ थरावर तरंगत ठेवून बघावा लागतो. गुळगुळीत दगडी टेबलावर एक अर्धगोल, त्याच्याखालून हवेचा झोत आणि वर उपग्रह. बोट लावलं तरी फिरतो. उपग्रहाच्या पोटात छोटी चाकं असतात. चाक एका बाजूला फिरलं की उपग्रह दुसऱ्या बाजूला वळतो. या टेबलावर तो स्वतःहून किती नेमका वळतो, हे आम्ही तासन्‌तास तपासायचो.

उड्डाणाच्या आदल्या वर्षी, पावसाळ्यानंतर, चाचणी मध्येच बंद पडायला लागली. तीन तासांची चाचणी, कधी तासाभरात, कधी अडीच तासांनी राखणदार सगळं बंद करून मोकळा. पहिल्यांदा वाटलं वायर सैल आहे. दुसऱ्यांदा टेबलाची हवा तपासली. तिसऱ्यांदा मारुतीमामांनी वर बघितलं आणि म्हणाले, "आवं सर, ट्यूब बघा." छताला तारेनं टांगलेली ट्यूबलाइट हळूच झुलत होती. कोयनेकडं धक्का झाला होता आणि आमच्या दोघांपैकी एकाच्याही तो लक्षात आला नव्हता.

"आपुन कूसबी बदलत न्हाई, आन् हे गडी दुकान बंद करून बसतंय," मामा म्हणाले.

मी तिथल्या तिथं शुभांगीला सांगितलं, राखणदाराला सूट दे. तीन सेकंदांच्या आत आपोआप विरणारा झटका असेल तर त्यानं तिकडं लक्ष द्यायचं नाही. तिनं तो आकडा घातला. चाचण्या सुरळीत झाल्या.

पुढं सगळा प्रोग्राम शेवटचा वाचायचा दिवस आला. मी, शुभांगी आणि चहा घेऊन आलेले मामा, एवढेच होतो. त्या ओळीपाशी शुभांगी थांबली.

"सर, हे तीन सेकंद काढायचे ना?"

"का?"

"वर गेल्यावर कशाला पाहिजेत? वर धक्के थोडेच बसणार आहेत?"

मी मामांकडं बघितलं, मामांनी माझ्याकडं. आणि आम्ही हसलो. वाईट भावनेनं नव्हे. तुझ्या जतकडं जमीन हलत नाही म्हणून तुला हे जगावेगळं वाटतंय, असलं ते हसणं होतं. मी म्हटलं, "अगं, असू दे. सगळ्या चाचण्या या आकड्यावर झाल्यात. आता काढला तर सगळ्या परत कराव्या लागतील." हे कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. थोडं हललं तर थांबायचं आणि पुढं लिहायचं, ही गोष्ट मला सूट वाटतच नव्हती. मला तो निसर्गनियम वाटत होता.

आमच्या कामात एक पद्धत आहे. उड्डाणाआधी जे जे काढायचं असतं, त्या प्रत्येक झाकणाला, प्रत्येक खिळीला लाल फीत बांधतात. आम्ही सगळ्या फिती मोजून काढल्या. प्रोग्राममधल्या ओळीला फीत बांधता येत नाही.

शुभांगी परत काही बोलली नाही.

उपग्रह वर गेला. पहिल्यांदा त्याचा आवाज आला तेव्हा मामांनी गच्चीवर सॅल्यूट ठोकला. अडीच महिने त्यानं कोयनेचं पाणी, कृष्णाकाठचा ऊस, माणदेशातलं कोरडं रान यांचे फोटो पाठवले. शुभांगीचा मुख्य प्रयोग मात्र अजून व्हायचा होता. कोणत्या फोटोसाठी वळायचं आणि कोणता सोडून द्यायचा, हे उपग्रहानं आठवडाभर स्वतः ठरवायचं होतं, आमची एकही आज्ञा न घेता. त्यावर तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उभं होतं. सांगलीच्या एका कॉलेजात तिची निवड झाली होती, पण जूनच्या आत पीएच.डी. झाली तरच. त्यासाठी प्रबंध संक्रांतीपर्यंत जायला हवा होता. प्रयोग दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायचा होता.

दिवाळीच्या आधी चार दिवस ती लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली. सकाळची फेरी नुकतीच संपली होती.

"सर, हे बघा. कोयनेचा धक्काच वाटतो ना?"

पडद्यावर आलेख होता. एकदम उसळलेली रेघ, मग थरथर, मग शांत. दोन सेकंद, अडीच सेकंद. असे आलेख मी शंभर वेळा पाहिले होते. मी सवयीनं मान वर केली आणि छताच्या ट्यूबकडं बघितलं. ट्यूब स्थिर होती.

शुभांगी माझी मान खाली यायची वाट बघत होती.

"हे खालचं नाही सर. हे वरचं आहे. काल दुपारचं."

वर जमीन नाही. वर हलणारं जे काही असेल, ते त्याच्या स्वतःच्या पोटातलं. तिनं मागचे सगळे दिवस काढून दाखवले. एक चाक अडकत होतं. पहिला झटका तीन आठवड्यांपूर्वीचा. मग दोन दिवसांआड, मग रोज, आता दिवसातून सात-आठ वेळा. प्रत्येक झटका तीन सेकंदांच्या आतला. राखणदारानं प्रत्येक वेळी पेन उचललं होतं आणि पुढं लिहायला घेतलं होतं. मी शिकवल्याप्रमाणे.

पहिल्याच झटक्याला त्यानं सगळं थांबवलं असतं, तर चाकाला विश्रांती देऊन, हळू फिरवून ते कदाचित वाचलं असतं. आता दोनच रस्ते होते. एक, तो आकडा तीनावरून शून्यावर आणायचा. मग पुढच्या झटक्याला राखणदार चाकं बंद करणार, नुसत्या चुंबकांच्या जोरावर सावकाश सूर्याकडे वळून उपग्रह जगणार, पण नेमकं वळणं कायमचं जाणार आणि शुभांगीचा प्रयोगही. दुसरा, दोन आठवडे तसंच रेटायचं आणि प्रयोग उरकायचा. तेवढ्यात चाक फिरता फिरता जाम झालं, तर उपग्रह भोवऱ्यासारखा गरगरत सुटणार, आणि मग त्याची हाकही आम्हाला ऐकू येणार नाही.

मी म्हटलं, "रेटू. प्रयोग उद्याच सुरू करू. आठवड्याऐवजी तीन दिवसांचा करू."

"नको सर."

"तुझी नोकरी आहे."

"ती माझी हाय न्हवं? मग मी सांगते. आकडा बदला."

तिच्या तोंडी घरची बोली आली की ती ठाम असते, हे सहा वर्षांत मला कळलं होतं. तरी मी खोलीत येरझाऱ्या घालत राहिलो. दहादा खिडकीशी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत आज्ञा पाठवली. आज्ञा तिनं टाइप केली, पाठवण्याची कळ मी दाबली. पुढच्या फेरीत उत्तर आलं: चाकं बंद, तोंड सूर्याकडे, वाट बघतो आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शुभांगी जागेवरून उठून नळावर तोंड धुऊन आली.

उपग्रह वाचला, प्रकरण गेलं. त्यानंतर महिनाभर मी नीट जेवलो नाही. प्रयोगाच्या जागी काय टाकायचं? विद्यापीठाच्या समितीनं कळवलं की वरच्या अनुभवावर आधारित प्रकरण नसेल तर वर्षभराची मुदतवाढ घ्यावी. मुदतवाढ म्हणजे नोकरी गेली.

डिसेंबरमध्ये तिनं मला नवा मसुदा दिला. मी तो एका बैठकीत वाचला. चाक अडकल्याचं सगळं विश्लेषण होतं, सुबक आलेख होते, आणि तरीही त्यात जीव नव्हता. राखणदार गप्प का राहिला, याबद्दल एक शब्द नव्हता.

"तीन सेकंद कुठं आहेत?" मी विचारलं.

"घातले नाहीत."

"पण तेच तर प्रकरण आहे. खालचा धक्का आणि वरचा धक्का शेजारी शेजारी ठेव. माणसाच्या अंगवळणी पडलेली गोष्ट यंत्रात कशी उतरते, हे इतकं स्पष्ट दाखवणारा पुरावा मी तरी दुसरा पाहिलेला नाही."

ती टेबलाकडं बघत राहिली. "सर, तुम्ही मेमध्ये निवृत्त होताय. सगळं छापील राहणार. लोक विचारतील, आकडा कुणी घातला."

"तू घातलास. मी सांगितलं म्हणून."

"तेच."

मग माझ्या लक्षात आलं की खरी पंचाईत याच्याही पुढची आहे. प्रबंधावर नाव तिचं. वाचणारा म्हणणार, राखणदार हिनं केला, चूक हिची. ती नको म्हणाली होती याची कुठं नोंद नव्हती. ते फक्त तिघांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी एक पत्र लिहिलं. सूट माझ्या सांगण्यावरून दिली, ती काढावी असं विद्यार्थिनीनं प्रयोगशाळेत मला स्पष्ट विचारलं होतं आणि मी ते ऐकलं नाही, एवढंच. हे पत्र प्रबंधाला जोडायचं ठरवलं. साक्षीदार म्हणून मारुतीमामांची सही हवी होती. मामांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"सही करतो सर. पण ह्ये अर्धंच हाय."

"काय राहिलं?"

"ती इचारत हुती तवा तुमी हसला. मीबी हसलो. ती गप का बसली त्ये त्यात न्हाई."

"मामा, ते कशाला विद्यापीठाला?"

"मग मला कशाला सहीला बलवलं? मी तिथं चहा घिऊन आलो हुतो आन् हसलो हुतो. दुसरं कायबी क्येलं न्हाई. साक्ष त्येचीच हाय."

मी पत्र पुन्हा लिहिलं. 'ती विचारत असताना आम्ही दोघे हसलो' हे वाक्य लिहायला मला उरलेल्या पानाएवढा वेळ लागला. शुभांगीला मी एवढंच सांगितलं की एक पत्र जोडतो आहे, तू प्रकरण लिही. तिनं तीन आठवड्यांत लिहिलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी प्रबंध गेला.

मेच्या अखेरीस तोंडी परीक्षा झाली. ती खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. तिचे वडील आले होते. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तासभर प्रश्न विचारले. शेवटी त्यांनी माझं पत्र उघडलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. हसल्याचं वाक्यही वाचलं. मी माझ्या हातांकडं बघत होतो.

"हे तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी शुभांगीला विचारलं.

"पत्र आहे हे माहीत होतं मॅडम. त्यात काय लिहिलंय ते आत्ता ऐकलं."

"मग तुम्ही दुसऱ्यांदा का विचारलं नाहीत?"

"पहिल्यांदा विचारायलाच मला दोन दिवस लागले होते."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. अर्ध्या तासानं निकाल सांगितला. पीएच.डी. मिळाली. टाळ्या झाल्या, पेढे निघाले. शुभांगीभोवती पोरापोरींचा घोळका जमला.

मी बाहेर व्हरांड्यात आलो. तिचे वडील तिथं उभे होते. मी नमस्कार केला आणि म्हटलं, "अभिनंदन. फार कष्ट केले पोरीनं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "सर, येक इचारू का? मला इंग्रजी कळलं न्हाई, पर कागुद त्या बाईंनी मराठीत वाचला. त्यात तिचं कायबी चुकल्यालं न्हवतं, आसंच हाय न्हवं?"

"हो. काहीच चुकलेलं नव्हतं."

"त्ये तुमी कागदावर लिवलंय. लय चांगलं क्येलं. पर तिला परक्या माणसानं वाचून दावलं." त्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. "तुमी तिला तोंडानं सांगितलंय का?"

मी नाही म्हटलं. पत्राचे मसुदे केले, समितीपुढं उभा राहिलो, सहा महिने झोप घालवली, आणि ज्या पोरीला दोन वाक्यं सांगायची होती तिच्याशी रोज आलेखांबद्दल बोलत राहिलो. हे मला त्यांनी विचारेपर्यंत दिसलंच नव्हतं.

मी परत आत गेलो. घोळका थोडा बाजूला झाला. तिच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता, तो तिनं माझ्यापुढं धरला. मी पेढा घेतला नाही.

"शुभांगी, तू बरोबर विचारलं होतंस. मी हसायला नको होतं. ऐकायला हवं होतं."

माझी अपेक्षा होती, ती म्हणेल, असू दे सर. आमच्याकडं मोठ्या माणसाला असंच म्हणतात, आणि मग दोघांनाही मोकळं होता येतं.

तिनं माझ्याकडं सरळ बघितलं.

"व्हय सर," ती म्हणाली. "ऐकायला पायजे हुतं."